मामाचं अडकलेलं पान

मी काही लिहिणारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, त्यामुळे परीक्षेची उत्तरं सोडून कागदावर आणखी काय लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही. त्यातून पवित्र शास्त्राविषयी लिहायचं म्हणजे जास्तच भीती वाटते. त्यासाठी शिकलेली मोठी माणसं आहेत. चुकलं तर माफ करा. पण मी शास्त्राविषयी लिहीत नाही, शास्त्र वाचणाऱ्या एका माणसाविषयी लिहितोय, आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो: जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत मिळून इतक्या हळू बायबल वाचणारा दुसरा माणूस नाही. दोन तालुके मी भीत भीत म्हणतोय. खरं तर मला 'साऱ्या जगात' म्हणायचं आहे.

हा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. मोखाड्याहून शेअर जीपने अर्धा तास आणि मग पायी एक डोंगर, अशा आमच्याच पाड्यावर राहतो. मी त्याच्याविषयी 'तो' असं लिहितोय, त्याला उद्धटपणा समजू नका. आमच्या घरच्या बोलीत आईबाप, मामा, देव, सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. अकरावीला जव्हारच्या होस्टेलात गेल्यावर मी तिथली भाषा घरी आणली आणि पहिल्याच सुट्टीत मामाला विचारलं, "तुम्ही कसे आहात?" मामाने मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय ते. मागे कोणी नव्हतं. मग त्याने मामीला हाक मारली, "अगं, याला ताप आलाय का बघ."

पाड्यावरची सात-आठ घरं प्रभूला मानतात, त्यात आमचं एक आणि मामाचं एक. बाकीचा गाव आपापल्या देवांना मानतो आणि सगळे एकमेकांच्या लग्नात जेवतात. मामा शाळेत गेला नाही. वीटभट्टीवर असताना एका सोबत्याकडून अक्षरं शिकला आणि मोखाड्याच्या स्टँडवर एसटीच्या पाट्या वाचून त्याने सराव केला. त्यामुळे अजूनही तो कुठलाही शब्द गाडी सुटायला आल्यासारखा मोठ्याने वाचतो. मी सहा-सात वर्षांचा असताना त्याला आमच्या चर्चच्या मंडळीतून नवा करार, म्हणजे बायबलचा उत्तरार्ध, मिळाला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस वर्षभरात पुस्तक संपवून आणखी एक मागेल. पण मामाने पहिल्याच दिवशी स्वतःला नियम घातला: जे वचन वाचलं ते करून झाल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. तेव्हाचे आमचे पास्टर नाशिककडचे, अतिशय सौम्य. त्यांनी समजावलं, "मामा, असं नसतं हो. आधी सगळं वाचायचं, मग हळूहळू आचरणात आणायचं." मामा म्हणाला, "पास्टर, समज तू मला हाक मारली. मी ओ दिलाच नाय, वर तुला बोललो, हां, आता पुढचं बोल. तुला बरं वाटल? देव एक बोललाय. त्याला ओ देऊन झाला की दुसरं ऐकू." पास्टरांना त्या 'तू'ची सवय व्हायला एक वर्ष लागलं, आणि त्या उत्तराची अजून झालेली नाही.

आता नवा करार उघडला की पहिल्याच पानावर नुसती नावं आहेत. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला. बहुतेक लोक ही नावं ओलांडून पुढे जातात. मीसुद्धा जातो, खोटं कशाला सांगू. मामा मात्र तिथे थांबला. नावांचं काय करायचं असतं? दोन दिवस विचार करून त्याने ठरवलं की प्रभूच्या बापजाद्यांची नावं देवाने लिहून ठेवलीत, म्हणजे आपणही आपली काढायची. तो उन्हाळा त्याने पाडे पालथे घालण्यात घालवला. वावरकडचे म्हातारे, खोडाळ्याकडच्या आत्या, जो भेटेल त्याला विचारत गेला. आठ पिढ्या सापडल्या. नवव्या पिढीला एक म्हातारा बेंडू म्हणाला, एक आत्या लखमा म्हणाली, आणि दोघंही हट्टाला पेटले. घराण्याचं सगळं तोंडपाठ असलेला माणूस एकच, मामाचा थोरला भाऊ, माझा मोठा मामा. पण त्या उन्हाळ्यात तो कामाला भिवंडीकडे गेला होता. मामाने पानाच्या कडेला पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि देवाची माफी मागून पुढे सरकला.

मग उगवतीकडून आलेले ज्ञानी लोक बाळाला भेटी देतात, ते वचन आलं. मामाने नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणि गावठी अंडी टोपलीत घातली आणि कुठे बाळ जन्मलं असं कळलं की तो निघायचा. आमच्या भागात बाळाचं वजन हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. म्हातारी माणसं वावरचं नाव, तिथे एका साली कुपोषणाने बाळं गेली म्हणून, आजही आवाज खाली करून घेतात. पण मामाला पाहून हसू यायचंच. एका अनोळखी पाड्यावर बाळंतिणीच्या सासूने दारातच अडवलं, "तू कोण रे बाबा? कुठनं आलास?" मामा खरं तेच बोलला, "मी उगवतीकडनं आलोय." तिला वाटलं सर्वेवाला आहे, तिने घरातली माणसं मोजून सांगितली आणि दार लावून घेतलं. मामाने अंडी उंबऱ्यावर ठेवली. पुढे पुढे आरोग्य खात्याच्या आशाताईच मामाला विचारायला लागल्या, कुठल्या घरी कोण अवघडलंय म्हणून. ते वचन एका वर्षात झालं, असं मामाने जाहीर केलं. अंडी मात्र आजपर्यंत थांबलेली नाहीत.

सगळ्यात हाल झाले ते नम्रतेच्या वचनावर. प्रभूने डोंगरावर बसून जो उपदेश केला, त्यात सुरुवातीलाच नम्र माणसांना धन्य म्हटलंय. आता आपण नम्र झालो की नाही, हे आपलं आपल्याला कसं कळणार? मामाने परीक्षक म्हणून मामीला नेमलं. दर रविवारी उपासनेहून आला की विचारायचा, "झालो का?" मामी भाकरी थापता थापता सांगायची, "नाय." आठ महिने हे चाललं. एका रविवारी तो वैतागून ओरडला, "अजून किती नम्र होऊ?" मामी म्हणाली, "विचारतोस तवर नाय." त्यानंतर त्याने तीन महिने विचारलंच नाही, आणि एक दिवस मामीने आपणहून सांगितलं, "जा, वाच पुढचं." दिवा टोपलीखाली ठेवू नये, या वचनावर त्याने घरातला सोलरचा एकुलता दिवा बाहेर खांबावर टांगला, वाटसरूंसाठी, आणि मामीने महिनाभर चुलीच्या उजेडात स्वयंपाक केला. भावाला मूर्ख म्हणू नये, असं वचन आलं तेव्हा मामाला आपला बैल आठवला. त्याचं नाव येड्या. बैल काही भाऊ नाही, हे मामालाही कळत होतं, पण एका नांगराला जुंपून घेणारा बैल भावापेक्षा किती लांबचा? त्याने त्याचं नाव शहाण्या ठेवलं. बैलाने त्या नावाला एक अख्खा पावसाळा ओ दिला नाही.

आणि त्याच्या पुढच्याच वचनावर मामा अडकला. सात वर्षं.

त्या वचनाचा अर्थ असा की, तू वेदीपाशी आपलं अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. दुसऱ्या कोणाला हे वचन एका रविवारचं काम वाटेल. पण मामा आणि मोठा मामा एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण देवावरून नव्हतं. मोठा मामा आमच्या मंडळीत नाही, पण त्यावरून त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. भांडण ऐनाच्या झाडावरून होतं. दोघांच्या शेतांमधल्या बांधावर बापाच्या वेळेचा एक ऐन आहे. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर झाडाच्या फांद्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राब चांगला भाजला तर रोप चांगलं, रोप चांगलं तर भात चांगलं. त्या ऐनाच्या फांद्या एक साल मोठ्या मामाने तोडायच्या आणि एक साल धाकट्याने, अशी बापाने पाळी लावून दिली होती, म्हणजे झाडालाही फुटायला वेळ मिळतो. एक साल मामाची पाळी असताना तो वीटभट्टीवर होता. झाड तसंच राहिलं. पुढच्या सालाला तो परत आला आणि राहिलेली पाळी आपली समजून त्याने सगळ्या फांद्या तोडून नेल्या. मोठा मामा कोयता घेऊन आला तेव्हा झाड बोडकं उभं होतं. गेलेली पाळी गेली की उभी राहिली, यावर पाड्यावर आजही दोन तट आहेत. पण त्या वर्षी मोठ्या मामाचं रोप पिवळं पडलं, भात झालं नाही, आणि दिवाळीनंतर त्याला घरदार घेऊन भट्टीवर जावं लागलं. तो भांडला नाही. फक्त बोलायचा थांबला.

दरवर्षी सुगीनंतर आमच्याकडे हंगामाची उपासना होते. ज्याचं जे पिकलं त्यातलं पहिलं तो समोरच्या टेबलापाशी आणून ठेवतो. तीच आमची वेदी. पहिल्या वर्षी मामाने काकड्यांची टोपली आणली, टेबलापाशी ठेवली, भाऊ आठवला, आणि भर गाण्यात उठून चालता झाला. ओहोळ ओलांडून पलीकडच्या पाड्यावर मोठ्या मामाकडे गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "दादा, मी तुला माफ केलं." मोठ्या मामाने हातातला पाण्याचा तांब्या त्याच्या अंगावर रिकामा केला. समेट झाला नाही, म्हणजे अर्पणही झालं नाही, आणि अर्पण न झालेली टोपली कोणी हलवायची नाही, असं मामाचं म्हणणं. दोन आठवडे आम्ही सडलेल्या काकड्यांच्या वासात प्रार्थना केली. पुढच्या सालापासून त्याने नागली आणायला सुरुवात केली. "नागली दहा साल टिकते," तो म्हणाला, "किती लागतील कोणाला ठाऊक." दरवर्षी एक टोपली खिडकीखाली वाढत गेली. मधे जुने पास्टर बदलून नवे आले, तेव्हा जुन्यांनी त्यांच्या ताब्यात पेटी दिली, चटया दिल्या आणि टोपल्यांकडे बोट दाखवून सांगितलं, "यांना हात लावू नका, यांचं अजून चाललंय." पुस्तकात त्या पानावर मामाने एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं. त्यावरची शाई उडून गेली. कुठून कुठे गेला होता तेही आता कळत नाही.

मी बारावीला असताना सुट्टीत आलो होतो. त्या वर्षी उपासनेतून मामा उठला तेव्हा मीही त्याच्यामागे गेलो, आईने मोठ्या मामाकडे चवळी पोचवायला दिली होती म्हणून. मोठा मामा खळ्यावर भात झोडत होता. आमच्याकडे न बघताच झोडत राहिला.

"दादा, मी आलोय," मामा म्हणाला.

"दिसतंय."

"झालं गेलं सोडून दे ना."

"टोपली ठेवून आलास?"

"हां."

"मंग जा लवकर. मुंग्या लागतील."

मला हसू आलं. मोठ्या मामाने पेंढी खाली ठेवली. "हसू नको रे भाच्या. याला विचार, बाकीचं वर्षभर कुठं असतो? बांधावर भेटला तर मान खाली घालून जातो. सुगी झाली की येतो. पुस्तकानं पाठवला की येतो. तुला पान उलटायचंय ना रे? उलट. मी काय धरून ठेवलंय? पण मी तुझं पान नाय."

परत येताना मामा ओहोळातल्या दगडावर बसला. त्याने पाण्यात पाय सोडले. मग म्हणाला, "दादा बराबर बोलला."

मी नुकताच शिकलेला मुलगा, मला सल्ला द्यायची घाई. म्हटलं, "मामा, त्या साली पाळी त्याची होती, एवढं तू त्याला कधी सांगितलंस का?"

मामा एकदम ताठ झाला. "पण माझं भट्टीचं साल राहिलं व्हतं ना!"

पाच वर्षं एक माणूस दरवर्षी समेट करायला जातो आणि ते एक वाक्य तेवढं घरी ठेवून जातो, हे मला तेव्हा दिसलं. मला वाटतं मामालाही दिसलं, कारण तो तिथून सरळ घरी आला आणि त्या दिवशी त्याने पुस्तक उघडलं नाही.

नंतर मी पदवीसाठी शहरात आलो. इथे मी फार वाचतो. एका आठवड्यात वाचून होतं तेवढं मामाने आयुष्यात वाचलेलं नाही. कधी कधी होस्टेलच्या खोलीत मीही नवा करार उघडतो, तीन-चार अध्याय भराभर वाचतो आणि मिटतो, आणि मग वाटतं, मला कोणीतरी हाक मारली आणि मी 'पुढचं बोल' म्हणालो. तेव्हा मामाची फार आठवण येते.

घरच्या बातम्या मला तुकड्यातुकड्यांनी कळतात, कारण आमच्याकडे फोन लागतो तो एका खडकावर, आणि आई खडकावर चढून दम लागलेल्या आवाजात आधी शेळीचं सांगते, मग पावसाचं, मग माणसांचं. यंदा होळीच्या आधी तिने सांगितलं, "मोठा मामा ऐनावरनं पडला, खुब्याचं हाड मोडलं," आणि फोन तुटला. पुढच्या वेळी म्हणाली, बरा आहे, घरी आणलाय. तेवढ्यावर मी राहिलो. परीक्षा होत्या, सुट्टीत इथेच एका झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं, यंदा हंगामाच्या उपासनेलाही जाता आलं नाही. बाकीची हकिगत गेल्या रविवारी आली. त्या दिवशी आई शेळीचं सांगायला विसरली.

मोठा मामा पडला तेव्हा त्याची हाक पहिल्यांदा ऐकली ती पलीकडे कुंपण घालणाऱ्या मामाने. तो धावला. झोळी करून त्याला चार माणसांनी रस्त्यापर्यंत उचललं, त्यात पुढचा दांडा मामाच्या खांद्यावर. जीपमध्ये मोठ्या मामाचं डोकं मामाच्या मांडीवर होतं. जव्हारच्या अलीकडे कुठेतरी मोठा मामा इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आपणहून बोलला, "फांद्या अर्ध्याच तोडल्यात रे."

"मी तोडतो बाकीच्या," मामा म्हणाला, "तुझ्याच राबावर टाकतो. यंदा पाळी तुझी हाय." आणि मग, आई म्हणाली, त्याला रडू फुटलं. "त्या साली पण तुझीच व्हती, दादा."

पावसाळाभर मामाने आधी भावाची लावणी केली, मग आपली. शहाण्या दोन्ही शेतांत नांगराला चालला. रोज सकाळी भाकर मोठ्या मामाकडे, रोज संध्याकाळी त्याला धरून अंगणात चालवणं. आणि उपासनेच्या दिवशी मामाने नेहमीसारखी नागलीची टोपली आणून टेबलापाशी ठेवली आणि जागेवर येऊन बसला. सगळे थांबले. दरवर्षी तो उठून जातो, त्याच्यासाठी आता गाण्यातच जागा ठेवलेली असते. मामा बसूनच. पास्टरही थांबले. शेवटी मामीने कोपर मारलं, "जात नाय?"

"कुठं?"

"दादाकडं."

"त्याच्याकडनंच आलो की आता," मामा म्हणाला, आणि मग त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याला आठवलंच नव्हतं. सात वर्षं ज्या वचनापाशी तो उभा होता, ते त्याच्याकडून कधी होऊन गेलं, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. पास्टरांनी काही प्रवचन केलं नाही. ते स्वतः उठले आणि खिडकीखालच्या टोपल्या एकेक करून टेबलापाशी आणायला लागले, आणि मग सगळीच उठली.

मी आईला विचारलं, "मग पान? पान उलटलं ना त्याने?"

खडकावर वारा असावा, आवाज तुटत होता. आई हसत होती एवढं कळलं. म्हणाली, मामाने पुस्तक त्याच संध्याकाळी मोठ्या मामाकडे नेलं, त्याच्यासमोर पान उलटायला म्हणून. मोठा मामा खाटेवर पडून होता. म्हणाला, "एवढी सालं मला बाहेर ठेवून वाचलंस, आता मला पण ऐकव. पहिल्यापासून वाच." मामाने पहिलं पान काढलं. तिथे पेन्सिलचं प्रश्नचिन्ह बघून मोठ्या मामाने विचारलं, हे काय, आणि मामाने सांगितल्यावर तो म्हणाला, "नववा लखमा. बेंडू त्याचा भाऊ व्हता. मला विचारायचं नाय व्हय?"

तिकीट आता पहिल्या पानावर आहे. मामीने कपाळावर हात मारून विचारलं, "परत तिथवर यायला किती सालं लागतील रे?" मामा बोटांवर मोजायला लागला. खाटेवरून मोठा मामा म्हणाला, "लागू दे. मला कुठं जायचंय."